बदलीचं कार्ड: मुंबईच्या गिरण्यांत माणसं सांभाळत होतं कोण?

पहाटेचा भोंगा झाला की परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या रस्त्यांवरून माणसांचा लोंढा गिरण्यांच्या दरवाजांत शिरायचा. कायम कामगार आत गेले तरी दरवाजापाशी गर्दी उरायचीच. ती बदल्यांची गर्दी. बदली म्हणजे ज्याचं नाव कुठल्याच साच्यावर, म्हणजे मागावर, पक्कं नाही, कुणाचा खाडा पडला तरच ज्याला त्या दिवसापुरतं काम मिळतं, असा कामगार. थोड्या वेळाने आतून साळखात्याचा, म्हणजे विणकामाच्या खात्याचा, जॉबर यायचा; जॉबर म्हणजे माणसं घेणारा मुकादम. आज सहा साचे रिकामे आहेत, सहा माणसं पाहिजेत. तो गर्दीवरून नजर फिरवायचा, बोट दाखवायचा, "तू ये, तू ये" म्हणायचा आणि सहा जणांना घेऊन आत जायचा. उरलेले शेजारच्या गिरणीच्या दरवाजाकडे धावायचे. तिथंही काही झालं नाही तर खोलीवर परत. बोट कुणाकडे वळलं आणि का वळलं, याची नोंद कुठल्याच वहीत नसायची.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने या बोटाच्या जागी एक कार्ड आणलं. त्या कार्डाची ही हकिगत.

मी कारखान्यांच्या मनुष्यबळ खात्यात नोकरी करतो. व्यवस्थापनाच्या वर्गात आम्हाला जी प्रकरणं शिकवली ती सगळी अमेरिकेतली आणि जपानमधली होती. मुंबईत ८० च्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार होते. माणसं कशी घ्यायची, कशी राबवायची, कशी टिकवायची याचे चार निरनिराळे मार्ग तिथं दहा वर्षांच्या आत एकमेकांवर आदळले. ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. याची मला खंत आहे, म्हणून हे जरा तपशिलाने मांडतो.

पहिला मार्ग: मालकाला माणूस दिसतच नव्हता

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली. तेव्हापासून बहुतेक गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्यांकडे असे. पेढी फोर्टात बसायची. कापूस, सूत आणि कापडाचे भाव, चीनची मागणी, मँचेस्टरची स्पर्धा या गोष्टी तिला कळत. गिरणीत मॅनेजर असे, खात्याखात्याला मास्तर असे. मास्तर पुष्कळदा लँकेशायरचा गोरा नाहीतर पारशी. त्याला यंत्र कळायचं. पण रत्नागिरीच्या कुळवाड्याला, घाटावरून आलेल्या मराठ्याला, उत्तर हिंदुस्थानातल्या जुलाह्याला कामाला कसं लावायचं, त्यातला कोण कोणाचा कोण, कोण गावी गेला आणि कधी येईल, हे त्याला ठाऊक नसे आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नसे. त्यासाठी जॉबर होता.

जॉबर कामगारांतूनच वर आलेला असे. साच्याचा आवाज ऐकून कुठं बिघडलंय ते सांगणारा, पट्टा चढवणारा, सूत तुटायला लागलं की कारण हुडकणारा. हे त्याचं तांत्रिक अंग, आणि तेही मोठं होतं. पण मॅनेजमेंटने त्याच्या हाती माणसांचा सगळा व्यवहारही सोपवला. भरती तोच करी. काम तोच शिकवी. रजा तोच देई. मास्तरपुढे शब्द तोच टाकी, आणि काढूनही तोच टाकी. वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यात बाया होत्या. एकूण कामगारांत त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. त्यांच्यावर नायकीण असे. तिचाही कारभार असाच.

या सेवेची किंमत होती. तिला दस्तुरी म्हणत. लागताना द्यायची, पगाराला द्यायची, गावी जाऊन परत आल्यावर आपला साचा परत मिळावा म्हणून द्यायची. कामगारांच्या तक्रारींत दस्तुरी सतत येते. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू, कारण पुढची सगळी फसगत तिथंच आहे.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. नवीन लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडायला सहा आठवडे लागायचे. तोवर त्याने खायचं काय? खानावळवाली जेवू घालायची, वाणी उधारीवर तांदूळ द्यायचा, अगदीच अडलं तर व्याजाने पैसे देणाऱ्या पठाणाकडून रुपये काढायचे. पण या तिघांनाही हमी हवी: हा माणूस उद्या पळून जाणार नाही कशावरून? हमी जॉबरची. "माझ्या खात्यात आहे, मी बघतो," एवढा त्याचा शब्द पुरे. खोलीचंही तेच. १९२१-२२ च्या सरकारी पाहणीत मुंबईतल्या कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के एकाच खोलीत राहणारी निघाली. एकटे पुरुष तर गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत. पाळ्यांप्रमाणे झोपणारी माणसं होती. अशा खोलीत जागा मिळायची ती ओळखीने, आणि ओळखीचा मोठा माणूस म्हणजे जॉबर.

तेव्हा जॉबर लुबाडायचा हे खरं, पण पोटाला आधारही द्यायचा. त्याचा दराराही वाटतो तितका निर्धास्त नव्हता. पाठीशी माणसं असतील तोवरच मास्तर त्याला विचारणार. माणसं दुखावली तर ती दुसऱ्या जॉबरकडे जाणार. म्हणून संपात कित्येक जॉबर मालकाची बाजू सोडून आपल्या माणसांबरोबर उभे राहिले. मालक याला बेइमानी म्हणत. मला ते साधं व्यवहारज्ञान वाटतं.

या पद्धतीत जात ठासून भरलेली होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जॉबर आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीचे लोक घेई. दलित कामगारांना कताईच्या खात्यांत काम मिळे, साळखात्यात नाही. साळखात्यात पगार जास्त. कारण असं सांगितलं जाई: धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. त्यातली सुताची कांडी बदलली की विणकराला धोट्याच्या डोळ्याला, म्हणजे भोकाला, तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. दलिताचं तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, असं बाकीच्यांचं म्हणणं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला: साळखात्याची दारं सगळ्यांना उघडणार नसाल, तर ही एकजूट कसली? एका लाकडी धोट्याच्या भोकावर हजारो माणसांची मिळकत ठरत होती. मॅनेजमेंटच्या लेखी मात्र हा "कामगारांचा आपापसातला मामला" होता. भरती दुसऱ्याच्या हाती दिली की असे सगळे मामले दुसऱ्याचे होतात.

दुसरा मार्ग: दोनाचे तीन साचे

१९२०-२२ ची भरभराट ओसरली आणि गिरण्यांना मंदीने गाठलं. जपानी माल स्वस्तात येऊ लागला. खर्च कमी करायचा तर कुठं? ई. डी. ससून यांच्या गटाने, म्हणजे मुंबईतल्या सगळ्यांत मोठ्या गिरणी-गटाने, आणि फिन्ले व कोहिनूर या गिरण्यांनी एक मार्ग धरला. विणकर दोन साचे चालवतो, त्याने तीन चालवावेत. कताईवाला फ्रेमची, म्हणजे सूत कातायच्या यंत्राची, एक बाजू सांभाळतो, त्याने दोन सांभाळाव्यात. बदल्यात थोडा जास्त पगार, चांगलं सूत, मदतीला माणूस. त्या काळी जगभर ज्याला शास्त्रीय व्यवस्थापन म्हणत होते, त्याचीच ही मुंबई आवृत्ती.

कागदावर हिशोब चोख होता. पण साच्यावर उभ्या माणसाने वेगळा हिशोब केला. तीन साचे मी चालवणार म्हणजे माझ्या शेजारचा रस्त्यावर. तो शेजारचा कोण? माझ्या खोलीतला, माझ्या गावचा, कदाचित माझा मेहुणा. शिवाय चांगलं सूत देऊ म्हणतात, ते दिलं नाही तर? हलक्या कापसाचं सूत सारखं तुटतं. दोन साच्यांवर तुटणारा धागा जोडता जोडता जीव मेटाकुटीला येतो, तर तीनवर काय होणार? आणि कापड बिघडलं तर ते कुणाच्या गळ्यात? मुंबईत त्या काळी डाग पडलेलं, तार गेलेलं कापड विणकराच्याच माथी मारण्याची रीत होती. कापडाचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे, कापड त्याच्या हातात द्यायचं, मग त्याने ते गल्लीत मिळेल त्या भावाला विकावं. सूत वाईट असलं, साचा जुना असला, तरी दंड माणसालाच. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस "कार्यक्षमता" या शब्दावर काय म्हणून विश्वास ठेवील?

जानेवारी १९२८ मध्ये ससून गिरण्यांत काम बंद पडलं. एप्रिलपासून सगळ्या मुंबईत संप झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिने, चालला. सगळ्या कामगारांचे मिळून दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले. त्यातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, लोकांच्या तोंडी "लाल बावटा", उभी राहिली. डांगे, निंबकर, जोगळेकर, घाटे हे बाहेरून आलेले पुढारी होते, आणि आळवे, कासले हे गिरणीतूनच आलेले. संपाच्या १७ मागण्या होत्या. कामात बदल करण्याआधी कामगारांना विचारा, दर कमी करू नका, गिरण्यांचे नोकरीचे नियम एकतर्फी लादू नका, हे त्यांचं सार. ऑक्टोबरात तडजोड होऊन न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि साचे पुन्हा सुरू झाले.

तिसरा मार्ग, जो मालकांना नको होता

संपानंतरच्या काही महिन्यांचं मला सगळ्यांत जास्त कुतूहल आहे. युनियनने गिरणीगणिक कमिट्या केल्या. १९२८ अखेर युनियनची सभासद संख्या ५० हजारांच्या वर गेली होती. कमिटीतला माणूस साच्यावरच काम करणारा. मास्तरने दंड केला, जॉबरने दस्तुरी मागितली, पगारात चूक झाली, की कमिटी थेट मॅनेजरपुढे उभी. मध्ये जॉबर नाही.

जरा विचार करा. मालकांना जॉबरचा जाच होताच. तो पैसे खातो, नाकर्ती माणसं भरतो, खातं अडवून धरतो, अशा तक्रारी त्यांच्याही होत्या. त्याला वळसा घालून कामगारांशी थेट बोलायची एक सोय आयती तयार झाली होती, आणि तीही कामगारांनी स्वतः, फुकट उभी केलेली. मालकांनी ती मोडून काढली. कमिटीचे लोक कामावरून काढले गेले. २० मार्च १९२९ ला मीरत खटल्यासाठी, म्हणजे कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या कटाच्या खटल्यासाठी, देशभर धरपकड झाली, त्यात युनियनचे वरचे पुढारी आत गेले. एप्रिलअखेर पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तो फसला. युनियन खिळखिळी झाली.

कमिट्या निर्दोष नव्हत्या. बारीकसारीक कारणावरून खातं बंद पाडण्याचे प्रकार झाले, आणि पुढाऱ्यांचा डोळा गिरणीच्या पलीकडच्या राजकारणावरही होता. मालकांची भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. तरीही माझं मत असं की या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक इथं झाली. कामगाराचं म्हणणं वर पोचवणारी एकमेव वाट बुजवली, आणि मग पाच-सहा वर्षांनी तेच काम करायला पगारी अधिकारी नेमावा लागला.

चौथा मार्ग: अधिकारी आला, कार्ड आलं

१९२९ मध्ये सरकारने जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला शाही आयोग नेमला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की माणूस घेणं आणि काढणं हे जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी कारखान्यात मजूर अधिकारी नेमा, आणि तो थेट वरिष्ठांना जबाबदार असू द्या.

मुंबईत लगेच काही झालं नाही. १९३३-३४ मध्ये पगारकपातीची लाट आली, १९३४ च्या उन्हाळ्यात पुन्हा मोठा संप झाला, तेव्हा सरकारने त्याच वर्षी तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी मजूर अधिकारी नेमला. कामगारांच्या तक्रारी ऐकायच्या, मालकांपुढे मांडायच्या, तडजोडीच्या वेळी त्यांच्या वतीने बोलायचं, असं त्याचं काम. गिरणीमालक संघानेही आपला मजूर अधिकारी नेमला. युनियनवाल्यांना यात आपली जागा सरकारी माणसाला दिल्याचं दिसलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

मग १९३५ मध्ये बदली-नियंत्रणाची योजना आली. योजना साधी होती. दर महिन्याच्या १ तारखेला गिरणीने ठरावीक बदल्यांना कार्ड द्यायचं. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर हजर राहायचं. खाडे पडतील तिथं आधी कार्डवाल्यांना घ्यायचं. कायम जागा निघाली तर तीही याच यादीतून भरायची. गर्दीवर फिरणारं बोट बंद. दाराशी कोण उभा राहणार हे आता वहीत.

कार्डाने फरक पडला. नाव नोंदलं गेलं की माणूस अदृश्य राहत नाही. अमुक बदली अमुक महिन्यापासून येतोय हे दाखवायला काहीतरी हातात आलं. पुढे १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराला मुदत घातली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथं महिना संपल्यापासून ७ दिवसांत, जास्त असतील तिथं १० दिवसांत. दंडही पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्यावर नेता येईना. कार्ड, मुदत आणि दंडाची मर्यादा, या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर जॉबरच्या शब्दाची किंमत थोडी का होईना उतरली.

संपली मात्र नाही. कार्ड कुणाला द्यायचं हे ठरवताना मजूर अधिकारी कुणाला विचारणार? खात्यात कोण बरा, कोण कामाचा, हे त्याला कुठून कळणार? जॉबरकडूनच. कार्ड मिळालं तरी आज कुठला साचा, चांगला की मोडका, हे जॉबरच ठरवणार. आणि खोली, उधारी, खानावळीची हमी? यातलं काहीही मजूर अधिकाऱ्याच्या टेबलावर आलं नाही. मालकांनी जॉबरचा हक्क काढून घेतला, त्याच्या जबाबदाऱ्या मात्र कुणीच उचलल्या नाहीत. पोट ज्याच्या शब्दावर चालतं त्याला माणूस दस्तुरी देणारच, मग नियम काही म्हणोत. दहा वर्षांनी, १९४४ ते ४६ च्या दरम्यान, रेगे समितीने देशभरच्या कारखान्यांची पाहणी केली, तेव्हाही मध्यस्थामार्फत भरती ठिकठिकाणी चालूच असल्याचं तिला आढळलं.

दुसरीकडे काय चाललं होतं

"त्या काळी दुसरं काही शक्यच नव्हतं" असं म्हणायची सोय नाही, म्हणून दोन उदाहरणं.

एक नागपूरचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. बेझनजी मेहता हे तिचे मॅनेजर, आधी रेल्वेत होते. माणसं टिकत नाहीत, रोज खाडे पडतात, हा त्रास तिथंही होता. मुंबईचं उत्तर होतं की दाराशी जास्त बदल्या उभे करा. नागपूरने उलट विचार केला: माणसाला रोज यावंसं कसं वाटेल? हजेरीला बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. खात्यात हवा खेळती आणि दमट राहील अशी यंत्रं बसवली. यात वडीलधारेपणाचा सूर आहे, युनियनला जागा नाही, हे कबूल. पण कामगार उद्याही इथंच असेल हे गृहीत धरून पैसा खर्च झाला.

दुसरं अहमदाबादचं. १९१८ चा संप गांधीजींनी चालवला. अनसूया साराभाई कामगारांच्या बाजूने आणि त्यांचे भाऊ अंबालाल गिरणीमालकांच्या बाजूने, असा तो सामना. शेवट लवादाने झाला आणि ३५ टक्के वाढ मिळाली. १९२० मध्ये मजूर महाजन स्थापन झालं, आणि तक्रार आधी महाजनकडे, मग मालकाकडे, मग लवादाकडे, अशी वहिवाट पडली. तिथं पगार पंधरवड्याला होई. वाण्याकडची उधारी त्यामुळे निम्म्या मुदतीची. एवढ्या एका फरकाने मध्यस्थाची पकड किती ढिली होत असेल, हे पगारावर जगणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

माझं वाचन

हे प्रकरण मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "मग जॉबर चांगला की वाईट?" मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. जॉबर हा मालकाने घेतलेल्या एका निर्णयाचा परिणाम होता. माणसांची जबाबदारी आपल्यावर नको, काम तेवढं हवं, हा तो निर्णय. असा निर्णय घेतला की मध्ये कुणीतरी उभा राहतोच. त्याला जॉबर म्हणा, मुकादम म्हणा, कंत्राटदार म्हणा.

साखर कारखान्याकडे बघा. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास निघतो तेव्हा तो कारखान्याचा नसतो, मुकादमाचा असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम देतो, कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी, तोच ठरवतो, आजारपणात पैसे तोच देतो, फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला तोच बांधून घेतो. कारखान्याच्या वहीत टोळी असते, माणूस नसतो. मुंबईतली दस्तुरी आणि बीडची उचल यांची दिशा उलटी आहे, एकीत माणूस देतो आणि दुसरीत घेतो, पण गाठ एकच आहे.

आमच्या औद्योगिक वसाहतीतही सकाळी साडेसहाला दरवाजापाशी कंत्राटदाराची माणसं उभी असतात. गळ्यात कार्ड असतं, त्यावर फोटो असतो, यंत्राला बोट लावून हजेरी लागते. मी एकदा त्यांतल्या एकाला विचारलं, "तुझी रजा कोण मंजूर करतं?" तो म्हणाला, "सुपरवायझर सायबांना फोन करतो. त्यांनी उचलला तर रजा." आमच्याकडे तीन वर्षं काम करणाऱ्या मुलाच्या रजेबद्दल माझ्या खात्याला काहीही माहिती नव्हती. त्या दिवसापासून मी कंत्राटी माणसांच्या रजेचं आणि पगाराच्या तारखेचं रजिस्टर माझ्या टेबलावर मागवायला लागलो. वरून विचारणा झाली, "आपल्याला त्याच्याशी काय करायचंय?" करायचंय. माणूस आपल्या यंत्रावर उभा आहे.

मुंबईच्या प्रकरणातून व्यवहारासाठी मी एकच गोष्ट उचलली आहे. मध्यस्थाला हटवायचं असेल तर आधी तो माणसाला काय काय पुरवतो याची यादी करायची. पैसा कधी, खोली कुठं, अडीनडीला कोण, तक्रार कुणापाशी. मग त्यातली एकेक गोष्ट आपल्या खात्यात ओढायची. नुसता भरतीचा शिक्का काढून घेतला तर तो माणूस मागच्या दाराने परत येतो. १९३५ च्या योजनेत हुशार माणसं होती आणि हेतूही वाईट नव्हता. पण त्यांनी शिक्का हलवला आणि बाकी सगळं होतं तिथंच ठेवलं.

आणखी एक गोष्ट राहिली होती, आणि तिला हात लावायची कुणाचीच तयारी नव्हती. ती म्हणजे बदल्यांची गर्दी. जॉबर ती निवडायचा, पण निर्माण करायचा नाही. भाव पडले की साचे थांबवायचे, चढले की चालवायचे, होळी-गणपतीला आणि पेरणी-कापणीला गावी गेलेल्यांच्या जागा भरायच्या, यासाठी दाराशी माणसं तिष्ठत उभी असणं गिरणीच्या सोयीचं होतं. त्यांना न लागलेल्या दिवसाचा एक पैसाही द्यावा लागत नसे. कार्डाने या गर्दीला रांगेत उभं केलं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारने बदल्यांची नोंदणी आपल्याकडे घेऊन आणखी एक योजना आणली, त्यानेही रांग नीट केली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी सक्तीचा केला. असे अधिकारी घडवायला १९३६ मध्येच नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली होती. माझ्यासारख्यांच्या नोकरीचं मूळ तिथं आहे. आम्ही शिकलो, वह्या सुधारल्या, अर्जांचे नमुने केले. बदली बदलीच राहिला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतल्याचं आजवर जाहीर झालेलं नाही. पगारवाढीची मागणी सगळ्यांच्या लक्षात आहे. तिच्याबरोबर आणखी एक मागणी होती, गिरणीच्या दाराशी पहिलं कार्ड वाटल्याला ४७ वर्षं झाल्यानंतरची: बदली कामगारांना कायम करा.